रोडपालीची ताडफळाची गाडी

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याची हौस महाराष्ट्रांत आतां बरीच रुजली आहे. पोथ्या, दप्तरें, ताम्रपट, नाणीं, शस्त्रें, दिवे, अडकित्ते, कुलुपें यांपैकीं कांहींना कांहीं जमविणारा गृहस्थ बहुतेक प्रत्येक शहरांत भेटतो. परंतु लहान मुलानें आपल्या हातानें केलेलें खेळणें कोणी जपून ठेविलें आहे असें सहसा आढळत नाहीं. त्याचें कारण उघड आहे. तें खेळणें ठेवण्यासारखें नसतें. तें हिरव्या पानाचें, ओल्या मातीचें किंवा फेंकून दिलेल्या कवटीचें असतें. सकाळीं होतें व संध्याकाळीं मोडतें. आणि मोडल्याचें दुःखही करणाऱ्यास फार वेळ होत नाहीं, कारण दुसऱ्या दिवशीं दुसरें करतां येतें. ज्या वस्तूचा धनीच ती टाकून देतो ती संग्राहकाच्या हातीं कशी लागावी? तथापि अशा वस्तूंस इतिहासाच्या साधनांत स्थान आहे, आणि ज्या प्रदेशाचें जुनें रूप झपाट्यानें पालटलें तेथें तर तें फार मोठें आहे, असें आमचें मत आहे. तें मत प्रस्तुत टिपणांत पनवेल तालुक्यांतील रोडपाली या गांवाच्या आधारानें मांडण्याचें योजिलें आहे.

रोडपाली हें गांव कळंबोलीस लागून, खाडीच्या मुलखांत आहे. पनवेल तालुका पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १८८३ सालीं तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला, व १ जानेवारी १९८१ पासून त्याच कुलाब्यास रायगड हें नांव मिळालें. या पट्टीच्या गांवांत मुख्य वस्ती आगरी व कोळी लोकांची, व जुने उद्योग तीन : खाऱ्या जमिनीस बांध घालून काढलेलें भात, मिठागरें आणि खाडीची मासळी. १७ मार्च १९७० रोजीं सिडको या महामंडळाची स्थापना झाली, व ठाणें, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या मुंबईसाठीं घेण्याचें ठरलें. त्या घडामोडींत रोडपालीच्या भोंवतीं कळंबोलीची वसाहत उभी राहिली, शेजारीं लोखंडाचा मोठा बाजार आला, आणि २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका स्थापन होऊन हा सर्व भाग शहरांत जमा झाला. आज रोडपाली या नांवानें नव्या माणसास उंच इमारतींची वसाहत आठवते. बांध, खाजण व ताडमाड आठवतात ते जुन्या माणसांसच.

आतां ज्या खेळण्यासाठीं हें टिपण लिहीत आहों त्याकडे वळूं. ताडाचीं झाडें असलेल्या कोंकणपट्टीच्या गांवांतून उन्हाळ्यांत ताडगोळ्यांचा हंगाम येतो. कोयत्यानें फळाचें डोकें उडविलें म्हणजे आंत बहुधा तीन गोळे दिसतात. ते अंगठ्यानें काढून खाल्ले कीं मागें जाड, तंतुमय व वाटोळी कवटी उरते. मोठ्या माणसाच्या दृष्टीनें फळ येथें संपतें. मुलाच्या दृष्टीनें तें येथें सुरू होतें. सारख्या आकाराच्या दोन कवट्या निवडावयाच्या. हातभर लांबीची मजबूत काठी घेऊन तिचीं दोन्ही टोंकें दोन कवट्यांच्या मधोमध खुपसावयाचीं. मग टोंकास बेचकें असलेली लांब फांदी शोधून तें बेचकें काठीवर ठेवावयाचें, व गाडी पुढें ढकलीत धांवत सुटावयाचें. खिळा नाहीं, दोरी नाहीं व पैसा नाहीं. साधन फार तर एक कोयता, आणि तोही ताडगोळे विकणाऱ्याचा किंवा बापाचा.

हें खेळणें दिसावयास सोपें आहे, पण त्यांत बरेंच ज्ञान सांठविलेलें आहे. एक कवटी मोठी व एक लहान असली तर गाडी सरळ चालत नाहीं, लहान चाकाच्या बाजूस वळते. म्हणून जोडी जमविणें हें पहिलें कसब. काठी कवटींत घट्ट बसली पाहिजे, कारण या गाडीचीं चाकें आंसाभोंवतीं फिरत नाहींत, आंसासकट फिरतात. फिरणें घडतें तें बेचक्याच्या खालीं. बेचकें फार अरुंद असेल तर आंस अडकतो, फार रुंद असेल तर निसटतो. वळणावर दोन्ही चाकें एकाच गतीनें फिरत असल्यामुळें एक चाक घसरावें लागतें, म्हणून वळतांना फांदी किंचित् उचलून घ्यावी हें मुलास कोणी न सांगतां कळतें. चार दिवसांनीं कवटी वाळून आकसते, भोक सैल होतें, व गाडी निकालांत निघते. तोंपर्यंत नवें फळ आलेलें असतें. लांकूड, घर्षण, आंस व भार यांविषयींचे हे धडे कोणत्याही पाठ्यपुस्तकावांचून पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत.

चाकांच्या बाबतींत पनवेलचें नांव फार जुनें आहे, ही गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर पुण्याकडील माल गाड्यांतून घाट उतरून पनवेल बंदरास येऊं लागला, व तेथून गलबतांनीं मुंबईस जाऊं लागला. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली व बंदराचा व्यापार ओसरला. तरी पनवेलच्या सुतारांचें काम बंद पडलें नाहीं. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरांत पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीचीं चाकें करण्याचाच उल्लेख आहे, व देशावरून येणारा गाडीवान येथून चाकांची जोडी विकत घेऊन जात असे असें त्यांत नमूद आहे. मधला तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले पुठ्ठे आणि बाहेरून चढविलेली लोखंडी धांव, असें तें चाक असे. सरकारी अधिकाऱ्यानें तें टिपून ठेविलें, कारण त्यास किंमत होती, बाजार होता, व त्यावर कांहींतरी हिशेब मांडतां येत होता. त्याच तालुक्यांत, त्याच उन्हाळ्यांत, ताडफळाच्या चाकांवर धांवणाऱ्या मुलांकडे पाहण्याचें त्या अधिकाऱ्यास कारणच नव्हतें. लेखणी बहुधा किमतीच्या मागून जाते. आमचीं बहुतेक सर्व लेखी साधनें या एका दोषानें युक्त आहेत, व तो दोष ज्यांनीं ओळखावा त्यांत आम्हां संशोधकांची गणना पहिली व्हावी.

मुलांच्या खेळण्यांचे, करणाऱ्याच्या दृष्टीनें, तीन वर्ग पडतात. पहिलें मुलानें स्वतः केलेलें. दुसरें घरच्या माणसानें मुलासाठीं केलेलें. तिसरें कारागिरानें विक्रीसाठीं केलेलें. या तीन वर्गांचा पुरावा तीन निरनिराळ्या प्रकारें उरतो, व त्यांत मोठी विषमता आहे.

कारागिराच्या खेळण्यांचा पुरावा सर्वांत बळकट. सावंतवाडीचें उदाहरण घ्यावें. तेथील चितारआळींत लांकडावर कातारी काम करून व त्यावर लाखेचे रंग चढवून केलेलीं फळें, भाज्या, बाहुल्या व भातुकलीचे संच आजही मिळतात. तिसरे खेम सावंत यांच्या दीर्घ कारकीर्दींत, म्हणजे १७५५ पासून १८०३ पर्यंतच्या काळांत, तेथें गंजिफा रंगविण्याच्या कलेस राजाश्रय मिळाला. ती कला मावळत चालली असतां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ती पुन्हां उभी केली. येथें राजाचें नांव आहे, आळीचें नांव आहे, कारागिरांची परंपरा आहे व वस्तु तर संग्रहालयांतून प्रत्यक्ष आहेत. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनीं जन्मभर खपून जो संग्रह जमविला त्यांतही गंजिफा व सारीपाट यांसारखीं खेळाचीं साधनें आलीं आहेत. १९७५ सालीं त्यांनीं हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्या संग्रहालयास त्यांनीं बालवयांत वारलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव दिलें, हें सर्वश्रुत आहे. एवढ्या थोर संग्राहकाच्या मनांत मूल हें असें मध्यभागीं होतें. मग आम्हीं आपल्या संग्रहांत मुलाच्या हातच्या कामास कोपराही देऊं नये, हें बरें दिसत नाहीं.

दुसऱ्या वर्गाचा पुरावा वाङ्मयांत सांपडतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचें नांवच एका खेळण्यावरून पडलें आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं खेळून आलेला असतो. घरीं दासी रदनिका त्यास मातीची गाडी करून देते. ती नको, सोन्याचीच पाहिजे, म्हणून तो रडतो. आणि वसंतसेना आपले दागिने काढून ती मातीची गाडी भरून देते. या प्रसंगावर नाटकाचें पुढील सर्व कथानक फिरतें हें वाचक जाणतातच. आम्हांस येथें दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. एक, घरांत मातीची गाडी करून देणें ही तेव्हांही नित्याची गोष्ट होती. दुसरी, हातानें केलेलें खेळणें हें विकतच्या खेळण्यापुढें कमी प्रतीचें, अशी समजूत त्या काळींही मुलाच्या मनांत होती. ताडफळाच्या गाडीस आज लाज वाटण्याजोगें कोणी मानीत असेल, तर तें मानणें आधुनिक आहे असें समजूं नये. मात्र कवीनें आपल्या नाटकास नांव दिलें तें मातीच्या गाडीचें, सोन्याच्या गाडीचें दिलें नाहीं.

मराठी वाङ्मयांतही खेळ पुष्कळ आहेत. तुकारामबोवांच्या गाथेंत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, टिपरी, फुगडी अशीं खेळांचीं नांवेंच मथळ्यास असलेले अभंग आहेत. महानुभावांच्या गोविंदप्रभुचरित्रांत प्रभु मुलांत मिसळून खेळतांना दिसतात. मोल्सवर्थच्या कोशांत, ज्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली, भातुकलें, खुळखुळा, भिरभिरें, भोंवरा हे शब्द अर्थासह दिले आहेत. परंतु बारकाईनें पाहतां असें दिसतें कीं, या सर्व ठिकाणीं खेळ आहे, खेळण्याचें नांव आहे, क्वचित् त्यापासून काढलेला अध्यात्माचा बोध आहे. तें खेळणें कोणत्या झाडाच्या कोणत्या भागाचें, कोणत्या महिन्यांत, कसें केलें, हें नाहीं. संतांस त्याची गरज नव्हती, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकास तें येत होतें. सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट लिहून ठेवण्याचें कोणासच सुचत नाहीं, व ठाऊक असणारे गेले म्हणजे ती गोष्ट नाहींशी होते. हा नियम राजकीय कागदांसही लागू आहे. पण खेळण्यांच्या बाबतींत त्याचा फटका पूर्ण बसतो.

तिसरा पुरावा जमिनींतला. मोहेंजोदडोच्या उत्खननाचा मोठा वृत्तांत १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें सांपडलेल्या भाजलेल्या मातीच्या लहान गाड्या पाहून, सिंध प्रांतांत त्या वेळीं चालू असलेल्या बैलगाडीशीं त्यांचें साम्य उत्खनन करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें. सिंधमधील जुन्या धाटणीच्या गाडीचें चाकही भरीव असे व आंसासकट फिरे. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या खऱ्या गाड्या लांकडाच्या असल्यामुळें कुजून गेल्या. त्या कशा होत्या याची साक्ष आज मुख्यत्वें मुलांच्या मातीच्या गाड्या देतात. म्हणजे मूळ दप्तर जळून गेल्यावर पोराच्या कित्त्याच्या वहींतून त्याची नक्कल सांपडावी, तसा हा प्रकार आहे. जो कोणी खेळण्यास क्षुल्लक म्हणेल त्यानें या एका उदाहरणाचा विचार करावा.

महाराष्ट्रांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं योगायोगानें चार धातूच्या वस्तु मिळाल्या : बैलजोडी व उभा सारथि यांसह एक रथ, एक हत्ती, एक गेंडा व एक रेडा. रथाची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर, व चारही वस्तूंचें मिळून वजन ६० किलोहून अधिक आहे. त्यांतील बहुतेकांस चाकें आहेत, तरी एवढ्या वजनाची वस्तु मुलाच्या खेळासाठीं नसून विधीसाठीं किंवा मिरवणुकीसाठीं असावी असें विद्वानांनीं मानिलें आहे. कोल्हापूरच्या संग्रहालयांत ब्रह्मपुरी येथें सांपडलेला, हत्तीवर माणसें बसलेलीं असा काशाचा इवलासा समूह आहे. त्याकडे पाहतांना खेळणें कीं शोभेची वस्तु, असा प्रश्न मनांत येतोच. धातूची वस्तु टिकते, पण तिचा हेतु संशयित राहतो. आणि जिच्या हेतूविषयीं तिळमात्र संशय नाहीं, अशी पानाची व कवटीची वस्तु पहिल्या पावसांत मातीस मिळते. हा या विषयांतील मोठा पेंच आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. रोडपालीच्या ताडफळाच्या गाडीचें चाक भरीव आहे व तें आंसासकट फिरतें, तसेंच सिंधमधील गाडीचेंही फिरे, एवढ्यावरून या दोहोंत वंशपरंपरेचा संबंध जोडण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. वाटोळी वस्तु व काठी हातीं आली असतां भरीव चाक व फिरता आंस हाच जोडणीचा सर्वांत सोपा मार्ग आहे, व तो कोणत्याही देशांतील मुलास स्वतंत्रपणें सुचूं शकतो. साम्य हें साधनाच्या स्वभावांतून आलेलें असूं शकतें. तें उसनवारीचा पुरावा होत नाहीं. ताडफळाच्या गाडीचें महत्त्व तिच्या प्राचीनत्वांत शोधण्याचें कारण नाहीं. तिचें महत्त्व असें कीं, ती आपल्या जागेची नेमकी साक्ष देते. या गांवीं ताड होते. त्यांचीं फळें मुलांच्या हातीं पडण्याइतकीं पुष्कळ होतीं. धांवावयास मोकळी वाट होती. व उन्हाळ्यांत मुलांस रिकामा वेळ होता. एवढ्या चार गोष्टी त्या दोन कवट्या सांगतात.

हीच दृष्टि कोंकणपट्टीच्या इतर खेळण्यांस लाविली तर त्यांतून वर्षाचें एक पंचांगच तयार होतें. नारळीच्या पात्याची गुंडाळी करून पिपाणी होते. दोन पात्यांची घडी घालून व हीर किंवा कांटा टोंचून भिरभिरें होतें. त्याच पात्यांचे पोपट, साप, आंगठ्या व घड्याळें होतात. नारळाची वाळलेली पोय आकारानेंच होडी असते. पावसाळ्यांत ओहोळ भरले कीं ती पाण्यांत सुटते. त्याच सुमारास उकिरड्यावर आंब्याच्या कोयी रुजूं लागतात. अशी रुजलेली कोय सोलून, तिचें टोंक दगडावर घासून पुंगी करितात. शिमग्यास कळकाच्या नळीची पिचकारी होते. झावळीचा रुंद बुडखा छाटून चेंडूफळीची फळी होते, व क्रिकेट आल्यावर तीच बॅट झाली. प्रत्येक खेळण्यास त्याचें झाड, त्याचा महिना व त्याचें हत्यार ठरलेलें आहे. आंब्याची पुंगी माघांत होत नाहीं, व ताडफळाची गाडी भाद्रपदांत होत नाहीं. मुलाच्या हातीं काय आहे हें पाहून महिना ओळखावा, इतका हा संबंध निकट होता.

आतां रोडपालीकडे परत येऊं. झाड गेलें कीं त्याचा महिना जातो, महिना गेला कीं खेळणें जातें, व खेळणें गेलें कीं त्याचा शब्द जातो. जमीन संपादनाचा इतिहास लिहिला गेला आहे व पुढेंही लिहिला जाईल. १९८४ सालच्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेलें उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांचें आंदोलन, त्यांत गोळीबारांत पडलेले पांच शेतकरी, व त्यानंतर मिळालेला विकसित जमिनीचा साडेबारा टक्क्यांचा हक्क, या गोष्टी कागदोपत्रीं नोंदलेल्या आहेत. जमिनीचें क्षेत्र हेक्टरांत मोजलें गेलें व मोबदला रुपयांत दिला गेला. त्या जमिनीबरोबर तेथील मुलांचें जें सामान गेलें त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यांत नाहीं, व असण्याची अपेक्षाही करतां येत नाहीं. ती नोंद करणें हें काम ज्यांचें, ते आम्ही व आमचे वाचक.

परंतु केवळ हळहळ करून भागणार नाहीं, व ती सर्वस्वी खरीही होणार नाहीं. मुलाचा हात रिकामा राहत नाहीं. ताडाची कवटी नाहीं म्हणून तो बाटलीचीं बुचें घेतो. झिजलेल्या रबरी चपलेच्या तळव्याचीं वाटोळीं चकत्यांसारखीं चाकें कापतो. सायकलीची जुनी धांव काठीनें पळवितो. तारेची गाडी वळतो. पुण्यास आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत अरविंद गुप्ता यांनीं आगकाड्या, रिकाम्या बाटल्या, नळ्या व जुने कागद यांपासून शेंकडों खेळणीं करून दाखविलीं, व त्यांतून विज्ञानाचीं तत्त्वें मुलांस शिकविलीं. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंतून खेळणें करण्याची जी वृत्ति ताडफळाच्या गाडींत दिसते तीच येथें नव्या सामानावर चाललेली आहे. म्हणून चपलेच्या चाकाची गाडीही टिपून ठेवण्यास तितकीच पात्र आहे. जुनें तेवढें नोंदावें व नवें सोडावें, हा संग्राहकांचा नेहमींचा दोष. शंभर वर्षांनीं ती रबरी गाडीच या काळाची साक्ष देईल.

अशा प्रकारची नोंद करतां येते याचीं उत्तम उदाहरणें आपल्यासमोर आहेत. जात्यावरील ओव्या कित्येक शतकें बायकांच्या तोंडीं होत्या व कोणी लिहिल्या नव्हत्या. सानेगुरुजींनीं त्या गोळा करून 'स्त्रीजीवन' या नांवानें प्रसिद्ध केल्या. पुढें हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनीं गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. खेळण्यांच्या बाबतींत अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंतील सुदर्शन खन्ना यांनीं १९८३ सालीं हलत्या-चालत्या लोकखेळण्यांवर ग्रंथ लिहून त्यांच्या रचनेमागील विज्ञान उलगडून दाखविलें. महाराष्ट्राच्या एकेका गांवापुरतें, त्या गांवच्या शब्दांत, असें काम होणें मात्र अवश्य आहे.

तें कसें करावें याविषयीं आमच्या कांहीं सूचना आहेत. वस्तु जपण्यापेक्षां कृति जपावी, कारण वस्तु चार दिवसांची व कृति चार पिढ्यांची. प्रत्येक खेळण्याचें त्या गांवांतील नांव जसें उच्चारतात तसेंच लिहावें. शुद्ध करून लिहूं नये. झाडाचें नांव, त्याचा कोणता भाग, कोणता महिना, कोणतें हत्यार, करावयास किती वेळ व तें किती दिवस टिकतें, हें नमूद करावें. तें कोणी कोणास शिकविलें, थोरल्या भावानें, आजीनें कीं सोबत्यानें, हें विचारावें. मुलगे काय करीत व मुली काय करीत याचा निराळा तपास करावा, कारण भातुकलीचें सामान व गाडीचें सामान यांचा वाटा घरांत सारखा नव्हता. खेळणें करतांना काय बिघडतें व तें कसें सुधारतात हें अवश्य लिहावें. खरें ज्ञान तेथें असतें. साधेल तर सांगणाऱ्याकडून तें करवून घ्यावें व त्याच्या हातांचीं छायाचित्रें घ्यावीं, कारण तोंडानें सांगतां न आलेलें पुष्कळ हात सांगतात. शेवटीं सांगणाऱ्याचें वय व गांव लिहून, ज्या कागदावर ही नोंद झाली तो कागद पोथीइतक्याच काळजीनें ठेवावा.

हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या स्नेह्यांस हें काम परकें वाटूं नये. राजवाड्यांनीं दारोदार हिंडून जीं दप्तरें वांचविलीं त्यांच्या मालकांसही तीं रद्दीच वाटत होतीं. रद्दींतून इतिहास ओळखणें हाच या मार्गाचा पहिला धडा आहे. जुन्या वाड्यांतील कित्येक कागद पोरांच्या पतंगांस व होड्यांस लागले असतील, म्हणून आम्ही त्या पोरांवर मनांतून रागावलेलों असतों. परंतु तीं पोरें जें करीत होतीं तेंही इतिहासाचें एक पान होतें, व तें आम्हीं वाचलें नाहीं.

असो. रोडपालीस व तिच्या शेजारच्या गांवांत ज्यांनीं लहानपणीं ताडफळाची गाडी पळविली अशीं माणसें आज आजोबा-आजी झालीं आहेत. पोथी शंभर वर्षें थांबूं शकते. हीं माणसें थांबूं शकत नाहींत. येत्या उन्हाळ्यांत ताडगोळ्यांच्या हंगामीं वाचकांपैकीं कोणी पनवेलकडे गेल्यास दोन कवट्या, एक काठी व एक बेचकें घेऊन त्यांतील एखाद्याच्या ओटीवर बसावें, आणि तो कशी जोडतो तें पाहून लिहून आणावें, एवढीच आमची विनंति आहे.